तेविसावं नाव

‘दादा, मी २६ वर्षांची आहे. दिवसा नोकरी करते, रात्री चित्रं काढते. दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदाच एका कॉमिक कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे कॉमिक्सच्या चाहत्यांच्या मेळाव्यात, चित्रं विकायला दोन दिवसांसाठी टेबल घेतलं. प्रिंट थोड्याफार खपल्या, पण ‘समोर बसून स्केच काढून मिळेल’ अशी पाटी लावल्यावर रांगच लागली. मला कुणालाच नाही म्हणता आलं नाही. वहीत २३ नावं झाली, सगळ्यांनी पैसे आधीच दिले. कमरेपर्यंतच्या चित्राला मला ४० मिनिटं लागतात, पूर्णाकृतीला दीड तास. तिथे ९ पूर्ण झाली, १४ घरी आणली. त्यातली ८ पाठवली. ६ अजून टेबलाच्या कोपऱ्यात आहेत आणि मला त्या कोपऱ्याकडे बघवत नाही. एक गृहस्थ दर आठवड्याला मेसेज करतात. आता त्यांची भाषा बदललीय, मी मेसेज उघडतसुद्धा नाही. शिवाय एका मुलाने माझं स्केच पुढच्याच आठवड्यात ऑनलाइन तिप्पट किमतीला विकायला ठेवलं, म्हणजे दर लावण्यातही मी माती खाल्ली. आणि ‘पटकन एक फुकट काढून द्या ना’ म्हणणारे किती आले ते सांगतच नाही. तीन महिन्यांनी पुढचं कन्व्हेन्शन आहे, टेबलाचे पैसे भरून बसलेय. जाऊ की नको? दरपत्रकाचा फोटो सोबत जोडते आहे.
— सहा चित्रांची देणेकरीण’

जा. पण आधी त्या सहा चित्रांचं बघू.

तुझं पत्र मी एका दमात वाचू शकलो नाही. माझ्या कपाटात असंच एक पाकीट वर्षभर पडून होतं. आत एक अर्धवट पेन्सिलचं स्केच, एका कन्व्हेन्शनमधून घरी आणलेलं, पैसे पूर्ण घेतलेले. पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी तो माणूस माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही. खिशातल्या पाकिटातून मी दिलेली चिठ्ठी काढली, बारीक प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. त्यावर माझ्या अक्षरात ‘आठ दिवसांत पाठवतो’, आणि खाली सही. सहीसुद्धा चित्राखाली करतो तशी, ऐटीत शेपटी ओढलेली. तो म्हणाला, ‘चित्र नाही तर नाही, सही तरी खरी आहे ना तुमची?’

मी त्याला तिथल्या तिथे बसवून चित्र काढून दिलं. पाऊण तास लागला. त्या पाऊण तासाच्या कामासाठी मी वर्षभर त्या माणसाला तोंड चुकवत होतो.

तुझा हिशेब माझ्यापेक्षा वाईट नाही. सहा चित्रं, सगळी पूर्णाकृती धरली तरी प्रत्येकी दीड तास, म्हणजे नऊ तास. एका शनिवार-रविवारचं काम. मग ते दोन महिने का लोंबकळतंय? तू आळशी आहेस म्हणून नाही. आळशी माणूस नोकरी सांभाळून आठ चित्रं काढून, पाकिटं करून, पत्ते लिहून पाठवत नाही. खरं कारण असं की त्या चित्रांचे पैसे केव्हाच खर्च झालेत. टेबलाच्या भाड्यात गेले, प्रवासात गेले, कागदात गेले. आता तू रात्री दहा वाजता बसतेस तेव्हा आतून वाटत राहतं की हे सगळं फुकटात चाललंय. पैसे आधी आणि काम नंतर, मध्ये दोन महिने, असं झालं की कुठल्याही चित्रकाराचा हात जड होतो. त्यात वर अपराधीपणा. अपराधी माणसाला रेघ मोकळी मारता येत नाही. तो प्रत्येक चित्र ‘उशीर झाला म्हणून अजून छान’ करायला बघतो आणि दीड तासाचं काम चार तासांवर नेतो. तू त्या उरलेल्या सहांपैकी एकात तरी न मागितलेली पार्श्वभूमी घातली असशील, पैज लावतो.

तर आज रात्री पेन्सिल उचलू नकोस, फोन उचल. सहाही जणांना एकाच वेळी, एकसारखा मेसेज जाऊ दे. त्यात आजारपण, ऑफिस, घरची कामं, काहीही नको. तीन वाक्यं पुरेत: उशीर माझ्याकडून झाला. चित्र अमुक तारखेला पाठवते. ते नको असेल तर आज सांगा, पैसे आजच परत करते. तारीख तुला जमेल असं वाटतं त्याच्यापुढे आठवडाभर टाक. लवकर गेलं तर कुणी भांडायला येत नाही.

रागावलेल्या गृहस्थांनाही हाच मेसेज, एक शब्द जास्त नाही. त्यांनी पैसे मागितले तर त्याच दिवशी परत कर आणि त्यांचं नाव खोड. मागून ‘तरी पण काढून पाठवते’ असलं काही करू नकोस. पैसेही परत आणि चित्रही फुकट, हा दंड तू स्वतःला लावून घेशील, कारण तुझ्या पत्राचा सूरच तसा आहे. उलट त्यांनी चित्र मागितलं तर वहीतला नंबर असेल त्याच नंबरवर काढ. ओरडणाऱ्याला पुढे घेतलंस तर गप्प बसलेले पाच जण ओरडायला शिकतील, आणि त्यात चूक त्यांची नसेल.

आता त्या तेविसाव्या नावाकडे येऊ, कारण घोडं तिथे अडलंय.

तुझं कन्व्हेन्शन दोन दिवसांचं. दिवसाला आठ तास धरले तर सोळा. पण टेबलावर बसलेल्या माणसाला आठ तास चित्र काढायला मिळत नाहीत. जेवण आहे, नैसर्गिक विधी आहेत, सुटे पैसे आहेत, वाऱ्याने पडणाऱ्या प्रिंट आहेत. मुख्य म्हणजे बोलणं आहे. लोक चित्र विकत घेतात तितकंच चित्रकाराशी बोलणंही विकत घेतात, आणि ते कमी करून चालत नाही. दिवसाला निव्वळ पाच तास हात चालला तर खूप झालं. म्हणजे दोन दिवसांचे दहा. त्या दहा तासांत तू ९ चित्रं केलीस. पाच पूर्णाकृती आणि चार कमरेपर्यंतची असतील तर बरोबर दहा तास दहा मिनिटं होतात. तू तसूभरही कमी पडली नाहीस. उरलेली १४ दीड तासाची धरली तर आणखी एकवीस तास. एकूण एकतीस. सोळा तासांच्या कन्व्हेन्शनमध्ये तू एकतीस तास विकलेस, तेही आगाऊ पैसे घेऊन.

हे का झालं ते तुझ्या पत्रातल्या एका शब्दात आहे: वही. वहीला पानं संपत नाहीत. समोर माणूस उभा आहे, हातात पैसे आहेत, डोळ्यात उत्साह आहे आणि खाली कोरी ओळ दिसतेय. कुठला भिडस्त माणूस नाही म्हणेल? भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

म्हणून पुढच्या वेळी वही घरी ठेव. रोजच्यासाठी एक छापील कागद ने, त्यावर मोजक्या ओळी. किती, ते असं काढ: पाच तास म्हणजे ३०० मिनिटं. त्यातली ६० बाजूला ठेव, कारण एक कागद तरी वाया जाणारच. शाई सांडते, नाक चुकतं, कुणीतरी धक्का देतं. राहिली २४०. त्यात ४० मिनिटांची सहा बसतात, किंवा चार कमरेपर्यंतची आणि २० मिनिटांचे चार नुसते चेहरे. मी तुझ्या जागी असतो तर हे दुसरं धरलं असतं. आठ ओळी, शनिवारच्या कागदावर आठ आणि रविवारच्या कागदावर आठ. रविवारचा कागद रविवारी सकाळी दार उघडल्यावरच पिशवीतून बाहेर काढायचा. ओळच नसली की नाव लिहिता येत नाही. मग नाही तू म्हणत नाहीस, कागद म्हणतो. समोरच्यालाही ते पटतं. ‘यादी भरली’ ऐकून कुणी रागावल्याचं मी क्वचितच पाहिलंय. उलट, उद्या सकाळी लवकर येतो म्हणतात, आणि येतातही.

नवव्याचं काय? तो म्हणेल, मी घाई करत नाही, घरी जाऊन निवांत काढा, पोस्टाने पाठवा. हाच तो. तुझ्या २३ मध्ये असे किती होते आठव. याला दुसरा कागद, दुसरा दर आणि दुसरे नियम. घरी न्यायची कमिशनं, म्हणजे मागणीवरून काढून द्यायची चित्रं, फार तर तीन. दर जास्त, कारण पाकीट, पुठ्ठा आणि पोस्ट तुझ्याकडे. पैसे अर्धेच घ्यायचे, उरलेले अर्धे चित्राचा फोटो दाखवल्यावर. समोर काढून द्यायच्या चित्राचे मात्र पूर्ण आधी घे, कारण लोक शेवटच्या गाडीची वेळ झाली की स्केच विसरून पळतात. घरच्या कामाचे पूर्ण आधी घेतलेस तर काय होतं ते तुझ्या टेबलाच्या कोपऱ्यात ठेवलेलंच आहे.

पूर्णाकृती कन्व्हेन्शनमध्ये ठेवूच नकोस. तुझं दरपत्रक मी फोटोत नीट पाहिलं. चेहऱ्याच्या दराच्या जेमतेम दीडपट दर पूर्णाकृतीला लावलायस, आणि वेळ लागतो साडेचारपट. शहाणा गिऱ्हाईक काय निवडेल? पायांपर्यंत गेलं की बूट येतात, पट्टे येतात, जमीन येते, जमिनीवर सावली येते. चिलखतवाला असेल तर विचारूच नये. एका पानावर दोन पात्रं मागितली तर ती दोन चित्रं, दर दुप्पट, ओळीही दोन. हे पाटीवर आधीच लिहून टाक. तोंडी सांगायला गेलीस की तू पुन्हा विरघळशील.

त्याच फोटोत मागे तुझा मोठा रंगीत प्रिंट लावलेला दिसतोय, पावसातल्या छपराचा. सुंदर आहे. किती दिवसांचं काम? तीन? चार? लोक तो बघतात आणि खाली पाटी वाचतात: समोर बसून स्केच. त्यांना वाटतं, हेच मिळणार. म्हणून तू वीस मिनिटांच्या कागदात चार दिवस कोंबायला बघतेस. टेबलावर त्या त्या दराचा खराखुरा नमुना ठेव, घड्याळ लावून वीस मिनिटांत काढलेला चेहरा, चाळीस मिनिटांत काढलेलं कमरेपर्यंतचं, न सुधारता. मनातून ते तुला कच्चे वाटतील. तेच दाखवायचे. नमुना बघून ज्याने पैसे दिले तो नाराज होत नाही.

चिठ्ठ्यांबद्दल एक गोष्ट, कारण हे कुणी शिकवत नाही आणि माझे दोन तास यात एकदा पाण्यात गेलेत. गिऱ्हाईक येतं, फोनवर पात्राचा फोटो दाखवतं, ‘हाच पोशाख हवा, जुना नको’ म्हणतं, आपण मान डोलावतो आणि तो फोन घेऊन निघून जातो. रेफरन्स गेला! तासाभराने त्याचा नंबर लागतो तेव्हा खांद्यावरचा पट्टा डावीकडून होता की उजवीकडून, देव जाणे. तर तो माणूस टेबलापासून हलायच्या आत फोटो तुझ्या फोनवर आलेला पाहिजे. चिठ्ठीवर त्याचं नाव, नंबर, पात्र, आकार, नुसती शाई की रंग, किती मिळाले आणि न्यायला कधी येणार. न्यायची वेळ प्रत्येकाला वेगळी देऊ नकोस. दिवसातून दोनच, म्हणजे एक आणि पाच म्हण. नाहीतर दर दहा मिनिटांनी कुणीतरी ‘झालं का?’ विचारायला डोकावतं, आणि पेन्सिलचं काम चालू असताना बोलणं मला तरी आजवर जमलेलं नाही. शाई फिरवताना खुशाल गप्पा मारता येतात. पेन्सिलच्या वेळी मान खाली घालून बस, लोकांना कळतं. मैत्रीण, भाऊ, कुणी दोन दिवस शेजारी बसून पैसे आणि चिठ्ठ्या सांभाळत असेल तर त्याला जेवायला घाल आणि सोबत ने.

दराचं बोलू. तिप्पट किमतीला विकायला ठेवलेलं पाहून तुला लागलं. पण ‘विकायला ठेवलं’ आणि ‘विकलं गेलं’ यात अंतर आहे. तू फक्त पहिलं पाहिलंस. दुसऱ्याने लावलेल्या किमतीवरून आपला दर ठरत नाही. तो ठरतो यादी किती वाजता भरली त्यावरून. आठ ओळी दुपारच्या आत भरल्या तर पुढच्या कन्व्हेन्शनला दर वाढव. संध्याकाळपर्यंत रेंगाळत भरल्या तर बरोबर आहे. अर्ध्याच भरल्या तर आधी नमुने बदलून बघ, दर नंतर. सुरुवातीचा आकडा काढायचा तर एका तासाचे तुला किती मिळायला हवेत ते ठरव, आणि ४० मिनिटांच्या चित्राला तास धर. वरची वीस मिनिटं बोलण्यात, रेफरन्स शोधण्यात आणि सुटे मोजण्यात जातातच. टेबलाचं भाडं आणि प्रवास प्रिंटनी फेडायचा, स्केचची कमाई ही तुझ्या हाताची मजुरी. दोन्ही एकाच डब्यात टाकलं की कशात तोटा होतोय तेच कळत नाही. आणि रविवारी संध्याकाळी दर पाडू नकोस. सकाळी पूर्ण पैसे देऊन गेलेला माणूस चित्र न्यायला नेमका तेव्हाच येतो.

त्या मुलावर चिडून उपयोग नाही. कागद त्याने विकत घेतला, तो त्याला विकता येतो. जगात बहुतेक ठिकाणी कायदा हेच सांगतो. चित्र छापून पोस्टर काढायचा हक्क मात्र निराळा. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा तो हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, भारतात काढून घेणाऱ्याकडे जाऊ शकतो. हे तू स्वतः रचलेल्या पात्राबद्दल झालं. दुसऱ्याच्या पात्राचं प्रकरण निराळं, त्यावर येतोच. विकायला नेणाऱ्याला थोडं अडवायचं असेल तर साधा उपाय आहे: प्रत्येक चित्रावर ‘अमुकसाठी’ असं घेणाऱ्याचं नाव घाल. ज्याला घरात लावायचंय तो खूश होतो. ज्याला विकायचंय तो चाचरत म्हणतो, नाव नको, नुसती सही करा. मग सही कर, पण चेहऱ्यावरून ओळखून ठेव. आणि हातातून कागद सोडण्याआधी फोटो काढ, प्रत्येकाचा. तुझ्या पहिल्या ९ चित्रांपैकी किती तुझ्याकडे फोटोरूपाने आहेत? नसतीलच.

फुकट मागणाऱ्यांबद्दल तुझ्याइतका राग मला येत नाही. त्यातले काही खरंच आगाऊ असतात, ‘दोन मिनिटांचं तर काम आहे’वाले. त्यांना हसून पाटीकडे बोट दाखवायचं आणि मान परत खाली. पण काहींना फुकट स्केचची सवय दुसरीकडून लागलेली असते. फ्रान्समधल्या आंगुलेमचा कॉमिक महोत्सव १९७४ मध्ये सुरू झाला. तिकडच्या महोत्सवांत पुस्तक विकत घेतलं की चित्रकार त्याच पुस्तकाच्या पानावर सहीसोबत एक चित्रही काढून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. त्यासाठी लोक तासनतास रांगेत उभे राहतात. तिथे चित्र पुस्तकाच्या किमतीत येतं, आर्टिस्ट ॲलीत, म्हणजे कन्व्हेन्शनमधल्या चित्रकारांच्या टेबलांच्या रांगेत, चित्र हाच माल. विचारणाऱ्याला हा फरक ठाऊक नसतो, एवढंच. प्रिंट घेणाऱ्याला प्रिंटच्या मागच्या बाजूला सहीसोबत अर्ध्या मिनिटाचा एक चेहरा काढून देत जा. त्याला फुकट मिळाल्याचा आनंद, तुझी प्रिंट खपली.

आता तू न विचारलेली गोष्ट. तुझ्या २३ पैकी किती चित्रं तुझ्या स्वतःच्या पात्रांची होती? माझा अंदाज, एकही नाही. लोक प्रसिद्ध पात्रंच मागतात, आणि ती कुणाच्या तरी मालकीची असतात. समोर बसून हाताने काढलेल्या एकेका स्केचमागे कंपन्या सहसा लागत नाहीत. छापलेल्या प्रिंट, टी-शर्ट, किचेन हे जास्त डोळ्यात येतं. पण डोळेझाक म्हणजे परवानगी नव्हे. जपानमध्ये १९७५ च्या डिसेंबरात कॉमिकेट हे चाहत्यांनी काढलेल्या कॉमिक्सचं संमेलन सुरू झालं, पहिल्या वेळी ३२ गट होते. तिथे दुसऱ्यांच्या पात्रांवर चाहत्यांनी काढलेली पुस्तकं राजरोस विकली जातात, तीही प्रकाशक कानाडोळा करतात म्हणूनच. दुसऱ्या टोकाला गॅरी फ्रीडरिक. हा माणूस घोस्ट रायडर या पात्राच्या जन्मदात्यांपैकी एक, पात्र १९७२ चं. मालकी आपली आहे म्हणून त्याने मार्व्हल या कॉमिक कंपनीवर दावा केला. २०११ च्या अखेरीस खालच्या कोर्टात हरला आणि २०१२ मध्ये घोस्ट रायडरचा माल परस्पर विकल्याबद्दल त्यालाच १७,००० डॉलर द्यायची पाळी आली. २०१३ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला आणि पुढे दोघांत तडजोड झाली, पण मधलं ते वर्ष कुणालाही पुरे. तू घाबरून बसावंस म्हणून हे सांगत नाही. कन्व्हेन्शनच्या करारपत्रात फॅन आर्टबद्दल, म्हणजे दुसऱ्याच्या पात्रांच्या चित्रांबद्दल, काय लिहिलंय ते सही करायच्या आधी वाच, आणि टेबलावर एक कोपरा स्वतःच्या पात्रांना दे. आठपैकी एक ओळ ‘माझं पात्र, दर थोडा कमी’ अशी ठेवून बघ. मी ठेवायचो. बहुतेक वेळा ती सगळ्यात शेवटी भरायची. एकदा सगळ्यात आधी भरली, तो दिवस अजून आठवतो.

सामानाचं थोडक्यात. अल्कोहोल मार्करमधला रंग डायचा असतो, उन्हात उडतो. रंगीत स्केच देताना ‘खिडकीसमोर लावू नका’ एवढं सांगत जा. रेघेला पिगमेंट शाईचं पेन वापर, आणि त्यावर मार्कर फिरवला तर रेघ पसरते का ते घरी तपास, तिथे नको. संग्राहक स्वतःची स्केचबुक घेऊन येतात, आत आधीच्या चित्रकारांची चित्रं असतात. त्यात मार्कर अजिबात लावायचा नाही, तो मागच्या पानावर उतरतो आणि मागच्या पानावर दुसऱ्या कुणाचं तरी चित्र असू शकतं. नुसती शाई, आणि हाताखाली कोरा कागद. कोऱ्या मुखपृष्ठाचे कॉमिक अंक घेऊनही लोक येतात. त्यांचा कागद एकेका प्रकाशकाचा एकेक तऱ्हेचा, कधी शाई पितो, कधी वर तरंगत ठेवतो. कोपऱ्यात बारीकशी रेघ मारून बघितल्याशिवाय हात घालू नकोस. चित्र देताना ॲसिड नसलेला पुठ्ठा आणि पारदर्शक पिशवी. त्या पिशवीमुळे वीस मिनिटांचा कागद एकदम ‘वस्तू’ दिसायला लागतो, गंमतच आहे.

आणि अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या बाजूला कळ यायला लागली तर त्या दिवशीची यादी तिथेच मिटव, पैसे परत देऊन. त्या दुखण्यावर जिद्द दाखवायची नसते. मी दाखवली होती आणि नंतर दोन महिने डब्याचं झाकणसुद्धा डाव्या हाताने उघडत होतो.

‘यादी भरली’ ही पाटी घरूनच करून ने. टेबलावर घाईघाईत लिहिलेली पाटी माफी मागितल्यासारखी दिसते. निवांत बसून, मोठ्या अक्षरांत, बाजूला तुझं एखादं पात्र हात जोडून उभं, अशी कर. उलट्या बाजूला ‘स्केच काढून मिळेल’. आठवं नाव लिहिलं की पाटी फिरवायची, मग चिठ्ठी भरायची. चिठ्ठी आधी भरायला घेतलीस तर तेवढ्यात नववा येऊन उभा राहतो. आणि पाटी फिरवायच्या गडबडीत मार्करचं टोपण लावायला विसरू नकोस. माझे दोन काळे तसेच सुकलेत.